हात धुण्याचं कलम

जिल्हा नवा होता आणि फॉर्म जुने होते. छापील कागदावर जुन्या जिल्ह्याचं नाव असायचं. त्यावर निळ्या शाईनं रेघ मारायची आणि वर बारीक अक्षरात 'लातूर' लिहायचं, हे नोकरीतलं माझं पहिलं काम. ते मी पट्टी लावून करायचो. वाकडी रेघ मला खपायची नाही. तेव्हा मी नियमाचा माणूस होतो, आणि आपण नियमाचे आहोत याचा थोडा माजही होता.

मी गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. लोक 'डाक्टर' म्हणायचे आणि मी त्यांची चूक दुरुस्त करायचो नाही. खरे डॉक्टर म्हणजे आमचे साहेब. त्यांच्याकडे तीन दवाखाने होते, त्यामुळे आमच्याकडे ते आठवड्यातून एकदाच अहमदपूरहून एस.टी.नं यायचे. एरवी दवाखाना म्हणजे मी, एक कपाट आणि फिनेलचा वास.

पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता. मूग-उडीद फुलायच्या आधीच करपले होते. आता सगळ्यांचे डोळे रब्बीच्या ज्वारीकडे लागलेले. हस्ताचा पाऊस पडला आणि तोवर बैल पायावर उभे राहिले तर पेरणी होणार होती. यातला पाऊस कुणाच्या हातात नव्हता. बैल मात्र आपल्या हातात आहेत, असं सगळ्यांना वाटत होतं.

अशात पोळ्याच्या दहा दिवस आधी, दवाखान्यापासून तीन कोसांवरच्या एका गावात लाळ्या-खुरकूत आली. लोक तिला तोंडखुरी म्हणायचे. बैलाच्या तोंडात फोड येतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. धडधाकट बैल सहसा मरत नाही, पण महिना-दोन महिने कामातून जातो. कधी बरा होऊनही त्याला कायमची धाप लागते. लस होती, पण ती तेव्हा महाग होती आणि आमच्या कपाटात नव्हती. आमच्याकडे होते नियम.

सरकारी हुकूम आला. आजारी जनावर वेगळं बांधायचं. गावातलं जनावर बाहेर न्यायचं नाही, बाहेरचं आत आणायचं नाही. बाजार बंद. आजारी घरच्या गुरांना सार्वजनिक हौदावर पाणी पाजायचं नाही. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. सातवं कलम असं होतं: आजारी जनावराला हात लावलेल्या माणसानं धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं हातपाय धुतल्याशिवाय आणि कपडे बदलल्याशिवाय दुसऱ्या जनावराजवळ जायचं नाही.

हे सगळं मी त्या गावात दवंडी पिटून चावडीसमोर वाचून दाखवलं. एकदा नाही, रोज. लोकांना पाठ व्हावं म्हणून वाचायचो. पाठ मलाच झालं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सकाळपासून त्या गावात होतो. एकेका बैलाचा जबडा उघडायचा, तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवायचं, फोडांवर बोरिक-ग्लिसरीन लावायचं, खुरांवर मोरचुदाचं पाणी सोडायचं. लाळ कोपरापर्यंत यायची. सोडा दुपारीच संपला. पाण्याचं तर विचारायलाच नको. प्यायचं पाणी टँकरनं यायचं, तिथं हात धुवायला घागर मागायची मलाच लाज वाटली. मी हात चिंधीला पुसले. घरी गेल्यावर धुऊ म्हटलं आणि संध्याकाळची एस.टी. पकडली.

घरी, म्हणजे आमच्या गावी. तिथं खांदमळण होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या सुमारास, बैलांच्या मानेवर जू घासून जे घट्टे पडलेले असतात ते हळद-लोण्यानं चोळायचे आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, अशी रीत. माझा बा धम्म घेतल्यापासून मारुतीच्या पाराकडे फिरकला नव्हता, पण खांदमळण त्यानं सोडली नव्हती. कुणी टोकलं तर म्हणायचा, "देव सोडला. बैलांनी काय घोडं मारलं माझं?"

आणि ते बैलही तसेच होते. लाल कंधारी, दोघंही बानं गोऱ्हे असल्यापासून वाढवलेले. एकाला आम्ही थोरला म्हणायचो, एकाला धाकटा. आमच्या दारात उभी राहिलेली ही पहिली बैलजोडी. माझ्या आज्यानं जन्मभर दुसऱ्यांचे बैल हाकले होते.

मी अंगणात शिरलो तेव्हा सूर्य बुडायला आलेला. माय वाटी घेऊन उभीच होती. त्या साली लोणी कुठलं, तेलातच हळद कालवली होती तिनं.

"लवकर ये बाबा, यळ निगून चालली," ती म्हणाली. "तुजीच वाट बगून राहिलोत."

बानं तिच्याकडून वाटी घेऊन माझ्या हातात दिली. नोकरी लागल्यापासून हा मान त्यानं मला देऊन टाकला होता. मी थोरल्याची मान चोळली, मग धाकट्याची. थोरल्यानं डोळे मिटून मान लांब केली. गुळाच्या पाण्यात कालवलेला पिठाचा एकेक गोळा मी माझ्या हातानं दोघांच्या तोंडात दिला. थोरल्याची खरबरीत जीभ माझ्या मनगटावरून फिरली. मी म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाय या." माय हसली. बा दुसरीकडे बघत होता, म्हणजे खूश होता.

हात मी नंतर धुतले, जेवायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी रोगाच्या गावी परतलो. पोळा असल्यामुळं तिथं माझी गरज जास्त होती. मिरवणूक काढायची नाही असं साहेब सांगून गेले होते, आणि ती निघणार हे मला माहीत होतं. झालंही तसंच. मानाच्या बैलाचे मालक आपली जोडी सजवून वेशीपर्यंत घेऊन आले. त्यांचे बैल निरोगी होते, झूल अंगावर, शिंगांना बेगड. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो.

"डाक्टरसाहेब, बाजूला व्हा," ते म्हणाले. "आमच्या आज्याच्या आज्यापासून हा मान हाय."

"हुकूम आहे," मी म्हणालो. "बैल गोठ्यात न्या."

"पोळ्याच्या दिशी बैल बांधून ठिवू?"

"हाव. बांधून ठेवा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू कुठला रं?" त्यांनी विचारलं. डाक्टरसाहेबांचा 'तू' व्हायला एक वाक्य पुरलं. मी माझ्या गावाचं आणि वस्तीचं नाव सांगितलं. त्यांनी पुढचं विचारलं नाही, त्यांना कळलं होतं. मी हललो नाही. शेवटी त्यांनीच कासरा ओढला आणि बैल वळवले. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी फार बरं वाटलं. रोग थांबवल्याचं बरं वाटत होतं की त्यांना थांबवल्याचं, हे मी तेव्हा तपासलं नाही.

त्याच तोऱ्यात चावडीसमोर गेलो आणि कलमं वाचायला लागलो. पहिलं, दुसरं, तिसरं. आवाज खणखणीत. सातवं आलं. "आजारी जनावराला हात लावलेल्या माणसानं..." इथपर्यंत वाचलं आणि थांबलो. मनगटावर थोरल्याची जीभ जाणवली. अंगात कालचाच खाकी शर्ट होता. बाहीवर वाळलेल्या लाळेचा पांढरा डाग होता आणि त्याच्याशेजारी हळदीचा.

"पुढं वाचा की," कुणीतरी म्हणालं.

मी पुढं वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.

साहेब सांगायचे, लागण झाल्यावर दोन दिवसांपासून आठ-दहा दिवसांपर्यंत रोग कधीही दिसतो. ते दिवस मी कसे काढले हे मलाच ठाऊक. घरी जायची सोय नव्हती; गेलो तर आणखी काही घेऊन जाईन ही भीती. न जावं तर कळायचं कसं? आमच्या गावावरून येणारी एस.टी. दवाखान्यासमोर थांबायची. मी रोज कंडक्टरला गाठायचो आणि गावाकडची खबर विचारायचो. तिसऱ्या दिवशी तो वैतागला. "लग्न जमून राहिलं काय तुमचं तिकडं? रोज काय इचारता?" मी हसलो.

साहेबांना सांगायला हवं होतं. घरी निरोप पाठवून बैल वेगळे बांधायला लावायचे होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला चावडीवर उभा केला असता. स्वतःच्या बाबतीत मात्र मी म्हणत राहिलो, अजून काही झालेलं नाही. एकदा चिंधीला हात पुसले होतेच की. असले हिशेब दिवसभर चालायचे.

जोडी गेली तर पेरणी जाईल, ही भीती होतीच. पण खरी भीती हौदाची होती. आमच्या वस्तीतली गुरं पूर्वी ओढ्याला पाणी प्यायची. ओढा आटला की डबक्याला. गावच्या हौदावर ती आणायची नाहीत, असा रिवाज होता. तो कुठं लिहिलेला नव्हता आणि सगळ्यांना पाठ होता. लहानपणी मी त्या हौदाजवळून गेलो तरी कुणी ना कुणी ओरडायचं, "लांब उभा ऱ्हा." बा आणि वस्तीतल्या चौघांनी तहसीलीत वर्षानुवर्षं खेटे घातले, तेव्हा कुठं आमच्या गुरांचं तोंड त्या हौदाला लागलं. त्याला चार उन्हाळे झाले होते. आता गावातला पहिला आजारी बैल आमच्या दारात निघाला तर हौद बंद. तोही रिवाजानं नाही, माझ्या चौथ्या कलमानं.

सहाव्या दिवशी दुपारी बा आला. चालत आला होता, आठ मैल. दवाखान्याच्या पायरीवर बसला, पाणी प्याला, इकडंतिकडं पाहिलं.

"थोरल्याच्या तोंडातून लाळ गळून राहिली," तो म्हणाला. "वैरण धरंना. मागला पाय झटकून राहिलाय."

मी विचारलं, "कधीपासून?"

"कालपासनं. आज हौदावर न्हेला न्हाई. तुज्या मायनं घागरीनं पाजलं. अजून कुणाला ठावं न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुज्या सायबाला सांगू नगंस. गुपचूप ये, औषद लाव. वहीत नाव लिवू नगं. आपल्या दाराचं नाव पैलं लागलं तर काय हुईल, तुला सांगाय पायजे का?"

सांगायची गरज नव्हती. आणि त्या क्षणी मला ते जमण्यासारखं होतं. सायकलीवर औषधाची पिशवी टांगायची, संध्याकाळी जाऊन यायचं. दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या घरी निघालाच असता. त्याचं नाव पहिलं लागलं असतं. हे सगळं डोक्यात येऊन गेलं.

"बा," मी म्हणालो, "त्यो रोग मी आणलाय."

त्याला कळलं नाही. मी सांगितलं. त्या गावातले बैल, संपलेला सोडा, चिंधी, एस.टी., खांदमळण, पिठाचा गोळा. सांगताना रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. बा माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. माझ्या हातांकडे बघत होता.

मग त्यानं पायरीवरची टोपी उचलली आणि झटकली.

"मंग लिव," तो म्हणाला. "पर समदं लिव. कुठनं आला त्ये बी लिव. आमच्या घाणीनं आला असं कुणी म्हणाया नगं."

मी फॉर्म काढला. जुन्या जिल्ह्याच्या नावावर रेघ मारली. ती वाकडी आली. मालकाचं नाव, गाव, जनावराचं वर्णन. खाली एक रकाना होता: संसर्गाचा संभाव्य मार्ग. तिथं आम्ही नेहमी 'अज्ञात' लिहायचो. मी लिहिलं, 'पशुधन पर्यवेक्षकाचे हात व कपडे.'

दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी तो कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे लिहायची काही गरज होती का? अजून कायम झाला नाहीस तू."

"होती साहेब."

त्यांनी उसासा टाकला आणि सही केली. पुढं मला लेखी ताकीद मिळाली. ती मला अन्यायाची वाटली नाही.

आमच्या गावात दवंडी पिटली. चावडीसमोर मी कलमं वाचली. समोर सगळं गाव, कडेला आमची वस्ती, वस्तीच्या पुढं बा. सातवं कलम वाचून झाल्यावर मी सांगितलं की हे कलम मी मोडलं, आणि रोग माझ्या हातानं आमच्या घरी आला. घरच्यांचा यात दोष नाही. मग मागून एकजण म्हणाला, "म्हंजी सरकारनंच आणला की!" लोक हसले. मीही हसायचा प्रयत्न केला.

बोलणारे नंतर बोललेच. पण आठ दिवसांत रोग आणखी पाच घरांत निघाला, त्यातलं एक वस्तीतलं, चार गावातली. लाळ दिसायच्या आधी थोरला हौदावर पाणी पीत होता, तिथूनच तो पसरला असणार. त्या घरांनाही हौद बंद झाला. एका घरचं तान्हं वासरू गेलं. ते पुरताना मी खड्ड्यात चुना टाकत होतो आणि त्या घरची बाई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

माय आणि बा टँकरच्या पाण्यातली वाट्याला आलेली घागर आधी बैलांना पाजायचे, मग स्वतःचं बघायचे. मी तोंड धुवायचं, मोरचूद लावायचं काम करायचो. अंगणात शिरायच्या आधी दारातच घमेल्यात सोड्याचं पाणी ठेवलेलं असायचं आणि खुंटीला वेगळा सदरा. ते बा ठेवायचा. धाकट्याला सौम्य लागण झाली, तो लवकर सावरला. थोरला उभा राहिला, पण चार पावलांत धापायला लागला. तो पुन्हा तिफणीला चालणार नाही हे मला दिसत होतं. बालाही दिसत असणार.

शेवटचा आजारी बैल बरा होऊन ठरलेले दिवस उलटले आणि बंदी उठली. हौद रिकामा करून सोड्यानं घासला, दोन दिवस उन्हात वाळवला. मग नवं पाणी सोडलं. मी दाखले लिहून दिले. बानं आपला दाखला घडी करून टोपीत ठेवला.

हौदावर गर्दी झाली. ज्यांच्या घरी रोग होता तेही आले, नव्हता तेही आले. बा थोरल्याला आणि धाकट्याला घेऊन आला आणि हौदापासून दहा पावलांवर थांबला. सगळ्यांची गुरं पिऊन गेली तरी तो पुढं होईना.

"बा, आता चालतंय," मी जवळ जाऊन म्हणालो. "दाखला आहे ना."

"तू म्हणून काय उपेग?" तो म्हणाला. "त्यांनी म्हणाय पायजे."

टँकर ज्या विहिरीत ओतायचे तिच्यावरून हौदात पाणी ओढणारा म्हातारा पोहरा खाली ठेवून आमच्याकडे बघत होता. त्याच्या घरचाही एक बैल लंगडला होता. त्यानं तोंड वाकडं केलं.

"आण की रं," तो ओरडला. "मुहूर्त बगून राहिलास का?"

बाच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मी पाहिला. त्यानं टोपीतला कागद तरीही काढला आणि म्हाताऱ्याला दाखवला. म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानं मान हलवली. मग बानं थोरल्याचा कासरा सैल सोडला. थोरला लंगडत, धापत हौदाशी गेला आणि त्यानं पाण्याला तोंड लावलं.

मलाही राहवेना. इतक्या दिवसांनी औषधासाठी नाही, नुसता मायेनं त्याच्या मानेवर हात ठेवावा म्हणून मी पुढं झालो. सकाळी मी दुसऱ्या एका गावात जनावरं तपासून आलो होतो. ती निरोगी होती आणि हातही धुतले होते, पण शर्ट तोच होता. बाची नजर माझ्या बाहीवर गेली.

"तू लांब उभा ऱ्हा," तो म्हणाला.

रागानं नाही म्हणाला. बैल पाणी पीत होते आणि त्याला तेवढंच दिसत होतं. मी मागं सरलो, दहा पावलं मोजली आणि तिथं लांब उभा राहिलो.